द्राक्षाच्या चोथ्याने पेशी मेल्या, की उपासमारीने?

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागातलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

जिल्ह्यात वाइनरी भरपूर. द्राक्षांचा हंगाम आटोपला की साली, बिया आणि देठांचा चोथा उरतो आणि एरवी तो खतात जातो. त्यात पॉलिफेनॉल नावाची वनस्पतिजन्य रसायनं खच्चून भरलेली असतात, म्हणून एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी तोच घेतला. चोथा वाळवला, ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्क काढला आणि द्रावक उडवून जांभळट भुकटी केली. ही भुकटी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींना मारते का, एवढाच प्रश्न होता.

पेशींचे दोन वाण, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, निवडले. पहिला के-५६२, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या शेवटच्या, भडक्याच्या टप्प्यातल्या रुग्णाकडून मिळालेला आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला. दुसरा टीएफ-१. तो एरिथ्रोल्युकेमियाच्या रुग्णाच्या पेशींपासून जपानमध्ये तयार झाला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही वाण तरंगत वाढतात, दोन्हींना आरपीएमआय-१६४० हे पोषक माध्यम आणि १० टक्के सीरम चालतं, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गोल दिसतात. फरक आहे तो पोसण्यात, आणि सगळं प्रकरण त्या फरकावरच घडलं.

ल्युकेमियाची पेशी म्हणजे बेलगाम वाढणारी पेशी, असं वाचून आलेल्याला पहिला धक्का बशीतच बसतो. रुग्णाच्या अंगातून काढलेल्या ल्युकेमिया पेशी नुसत्या माध्यमात ठेवल्या तर बहुतेक वेळा काही दिवसांत मरतात. १९६० च्या दशकाच्या मध्यावर मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी, तर इस्रायलमध्ये प्लुझनिक आणि सॅक्स यांनी आगरमध्ये रक्तपेशींच्या वसाहती वाढवल्या. तेव्हाच दिसलं होतं की या वसाहतींना बाहेरून ‘काहीतरी’ पुरवावं लागतं. त्यातूनच पुढे कॉलनी-स्टिम्युलेटिंग फॅक्टर हे नाव रुळलं. जीएम-सीएसएफ हा त्यांपैकीच एक वृद्धी घटक. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘फॅक्टर’ म्हणतात, इथेही तसंच म्हणू.

टीएफ-१ ला हा फॅक्टर, नाहीतर त्याच्या घरातला इंटरल्युकिन-३, सतत लागतो. नेहमीचं प्रमाण मिलिलिटरला २ नॅनोग्रॅम. फॅक्टर पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटला की आतलं जॅक-२ हे प्रथिन जागं होतं, ते स्टॅट-५ या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, आणि स्टॅट-५ केंद्रकात जाऊन बीसीएल-एक्सएलसारखी पेशीला तगवणारी प्रथिनं बनवायला लावतं. फॅक्टर काढून घेतला की पेशी आधी विभाजन थांबवते आणि मग एक-दोन दिवसांनी ॲपॉप्टोसिसने, म्हणजे पेशीच्या ठरलेल्या आत्मनाशाने, मरायला लागते. के-५६२ मध्ये बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन असतं आणि ते बाहेरच्या निरोपाची वाट न पाहता स्टॅट-५ चालूच ठेवतं. म्हणून तिला फॅक्टर दिला काय, न दिला काय, काही फरक पडत नाही.

अडचण

पहिल्या प्लेटमध्ये ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे, होते. दर वेलमध्ये २०,००० पेशी ४० मायक्रोलिटर फॅक्टरयुक्त माध्यमात टाकल्या. अर्काची भुकटी फॅक्टर नसलेल्या साध्या माध्यमात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळली. फॅक्टर फिल्टरमध्ये अडकून वाया जाऊ नये म्हणून माध्यम साधं घेतलं होतं, आणि हा विचार चुकीचा नव्हता. मग या अर्काचे १०, २०, ४०, ८० आणि १६० मायक्रोलिटर वेगवेगळ्या वेलमध्ये घालून उरलेली जागा फॅक्टरयुक्त माध्यमाने २०० मायक्रोलिटरपर्यंत भरली. म्हणजे अर्काची मात्रा मिलिलिटरला ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मायक्रोग्रॅम. कंट्रोलमध्ये अर्क नव्हता, सगळं फॅक्टरयुक्त माध्यमच. ७२ तासांनी एमटीटी चाचणी, म्हणजे पिवळ्या एमटीटीला जिवंत पेशी किती जांभळं करतात त्याचं वाचन.

निकाल डोळे दिपवणारा होता. टीएफ-१ चं वाचन पहिल्या तीन मात्रांना कंट्रोलच्या जवळपास होतं, ४०० मायक्रोग्रॅमला घसरलं आणि ८०० ला कंट्रोलच्या चौथाईवर आलं. के-५६२ ला काहीच झालं नाही, उलट वरच्या मात्रांना तिचं वाचन कंट्रोलपेक्षा जास्त आलं. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा हेच. प्रकल्पाच्या मसुद्यात वाक्य पडलं: ‘हा अर्क काही विशिष्ट ल्युकेमिया पेशी निवडून मारतो.’ चोथा पुरवणाऱ्या वाइनरीला याची कुणकुण लागली आणि वर्तमानपत्रात द्यायच्या टिपणाचा कच्चा खर्डाही तयार झाला.

प्रकल्पाच्या अंतर्गत परीक्षणाला पुण्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी आलेख पाहून एकच प्रश्न विचारला. “मॅडम, शेवटच्या वेलमध्ये फॅक्टर किती उरला होता?”

मार्गदर्शक मॅडमनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. “अगं, अर्क कशात केला होतास?”

“साध्या मीडियात, मॅडम. फॅक्टर महाग म्हणून.”

हिशेब फळ्यावर झाला. २०० मायक्रोलिटरपैकी १६० साधं माध्यम असेल तर फॅक्टरयुक्त भाग फक्त ४०. म्हणजे २ नॅनोग्रॅमचा उरतो ०.४. आधीच्या वेलमध्ये अनुक्रमे १.९, १.८, १.६ आणि १.२. अर्काची मात्रा चढत गेली तसा पेशींचा घास कमी होत गेला होता. आणि के-५६२ ला त्या घासाची गरजच नसल्यामुळे तिचं काही बिघडलं नाही. ज्याला निवडक परिणाम म्हटलं, तो कदाचित फक्त भुकेचा होता.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. टीएफ-१ च्या वाढीला अर्ध्या जोरासाठी, म्हणजे कमाल वाढीच्या निम्म्यासाठी, लागणारा फॅक्टर मिलिलिटरला ०.१ नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे ०.४ वर पेशींनी मजेत वाढायला हवं होतं. नुसतं पातळ झाल्याने एवढी घसरण होत नाही, हे मॅडमनी तिथेच बोलून दाखवलं.

कोणते पर्याय होते

प्रकल्प सादर करायला सहा आठवडे राहिले होते. निकाल आहे तसा द्यायचा आणि ‘पुढील अभ्यासाची गरज’ असं एक वाक्य जोडायचं, हा सगळ्यात सोपा मार्ग. विभागातल्या काहींना तो मान्यही होता, कारण तीन वेळा आलेला निकाल खोटा कसा असेल? पण तीच चूक तीन वेळा केली की निकालही तीन वेळा तोच येतो. पुनरावृत्तीने हाताची थरथर कळते, आखणीतली चूक कळत नाही.

दुसरा पर्याय टीएफ-१ सोडून एचएल-६० हा ल्युकेमियाचाच दुसरा वाण घेण्याचा. तिला बाहेरचा फॅक्टर लागत नाही, म्हणजे कटकट मिटली. पण मग आधीचा निकाल कशामुळे आला हे कधीच कळलं नसतं आणि वाइनरीचं टिपण तसंच राहिलं असतं.

तिसरा पर्याय निवडला: अर्क, फॅक्टर आणि माध्यमाचं पातळ होणं, तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून तपासायच्या. त्याआधी मॅडमनी वाइनरीला फोन करून टिपण थांबवायला लावलं. या प्रकरणातला वेळेत झालेला निर्णय तोच.

काय केलं

सुरुवात फ्रीझरपासून झाली. जुन्या फॅक्टरचा साठा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम इतका पातळ, नुसत्या पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात), साध्या प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये सापडला. एकच ट्यूब दर आठवड्याला वितळवून पुन्हा गोठवली जात होती, तीही घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. असा फ्रिज बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच गरम होतो. त्यात एप्रिलमध्ये वीज जायची ती वेगळी. इतक्या पातळ द्रावणात वाहक प्रथिन नसेल तर फॅक्टरचा बराच भाग ट्यूबच्या भिंतीला चिकटतो, उरलेला दर वितळण्याला थोडा थोडा मरतो.

नवी १० मायक्रोग्रॅमची कुपी आणली. झाकण उघडण्याआधी ती काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, कारण गोठवून वाळवलेली पूड बहुतेक वेळा झाकणाला चिकटलेली असते आणि डोळ्याला दिसतही नाही. आधी १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात, न हलवता दहा मिनिटं. मग ०.१ टक्का बीएसए (इथलं वाहक प्रथिन) असलेल्या पीबीएसने एकूण १ मिलिलिटर. त्याचे २० मायक्रोलिटरचे भाग प्रथिन न चिकटणाऱ्या ट्यूबमध्ये करून उणे ८० अंशांत ठेवले. एका भागात २०० नॅनोग्रॅम, म्हणजे बरोबर १०० मिलिलिटर माध्यमापुरते. एक भाग एकदाच वितळवायचा आणि उरला तर ४ अंशांवर आठवडाभरात संपवायचा.

‘फॅक्टर महाग’ या सबबीचाही इथे निकाल लागला. १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत २ नॅनोग्रॅमच्या दराने ५ लिटर माध्यम होतं. अख्ख्या प्लेटला २० मिलिलिटरही लागत नाही. काटकसर चुकीच्या जागी झाली होती. सांभाळायचा होता तो साठा.

मग टीएफ-१ ची सुरुवातीची गोठवलेली कुपी काढून पेशी नव्याने वाढवल्या. त्या तीनदा धुतल्या, कारण न धुता घेतलेल्या पेशींबरोबर जुना फॅक्टरही येतो आणि ‘शून्य’ हे शून्य राहत नाही. मग ०, ०.०१, ०.०३, ०.१, ०.३, १ आणि २ नॅनोग्रॅम अशी चढण, जुना साठा आणि नवा साठा शेजारी शेजारी. दर २४ तासांनी मेलेल्या पेशींना निळं करणारा ट्रायपॅन ब्लू घालून हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या काचपट्टीवर, मोजणी. एमटीटी इथे मुद्दाम बाजूला ठेवली, कारण पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या हे तिला सांगता येत नाही. वेलमध्ये कंट्रोलच्या चौथाई पेशी असल्या तर त्यांतल्या तीन चौथाई मेल्याच असं नाही; त्या कदाचित जन्मल्याच नसतील. म्हणूनच शून्य तासाचं वाचन घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी बरंच कळलं असतं.

नव्या फॅक्टरला अर्धा जोर ०.०३ आणि ०.१ च्या मध्ये दिसला. जुन्याला तेवढ्यासाठी जवळपास दहापट लागलं. कोडं सुटलं ते इथे. मूळ प्लेटच्या कंट्रोलमध्ये लेबलावर २ असले तरी खरे ०.२ च होते, शेवटच्या वेलमध्ये ०.०४. शिवाय पेशी फॅक्टर ग्राहीसकट आत ओढून गिळतात, त्यामुळे तीन दिवसांत तोही संपत जातो. कंट्रोल काठावर उभा होता आणि पातळ करण्याने वरच्या मात्रांच्या पेशी काठावरून ढकलल्या. दोन्ही चुकांपैकी एकच झाली असती तर आलेख सपाट आला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

पुढची प्लेट निर्णायक. एका ओळीत अर्क, पण या वेळी आधी गाळून मग त्यात फॅक्टर मिसळलेला, म्हणजे सगळ्या वेलमध्ये २ नॅनोग्रॅम कायम. दुसऱ्या ओळीत अर्क नाहीच; जुन्या पद्धतीने नुसतं साधं माध्यम १० पासून १६० मायक्रोलिटरपर्यंत, तेही जुन्याच फॅक्टरवर. तिसऱ्या ओळीत अर्काबरोबर कॅटलेज, मिलिलिटरला १०० युनिट. पॉलिफेनॉल पेशीशी काही करण्याआधी माध्यमातल्या ऑक्सिजनशी झगडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि मग मारतो तो पेरॉक्साइड. कॅटलेज त्याचं पाणी करतं. चौथ्या ओळीत पेशींशिवाय नुसता अर्क आणि एमटीटी.

अर्क पेशीचा निरोपच अडवतो का, हेही पाहिलं. पेशी रात्रभर फॅक्टरविना ठेवल्या, काहींना तासभर अर्क दिला, मग सगळ्यांना १५ मिनिटं फॅक्टर. लगेच १.६ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी थिजवून थंड मेथॅनॉलमध्ये उणे २० अंशांत. विभागात फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेका पेशीवरची खूण मोजणारं यंत्र, नाही, आणि मरू लागलेल्या पेशी ओळखणारी ॲनेक्सिनची चाचणी न थिजवलेल्या पेशींवर तासाभरात करावी लागते, म्हणून ती सोडून दिली. मेथॅनॉलमधल्या पेशी मात्र बर्फाच्या डब्यातून पुण्याला नेता येतात, त्या तशाच नेल्या. मोजलं ते फॉस्फेट लागलेलं स्टॅट-५. तुलनेला बीसीआर-एबीएल अडवणारं औषध इमॅटिनिब १ मायक्रोमोलर दिलेली के-५६२.

काय निघालं

साध्या माध्यमाच्या ओळीने अर्काविनाच मूळचा आलेख जवळपास जसाच्या तसा काढून दाखवला. फॅक्टर कायम ठेवलेल्या ओळीत ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत टीएफ-१ ला काहीही झालं नाही. ८०० ला थोडी घसरण राहिली, ती कॅटलेज घातल्यावर बहुतेक भरून आली. कच्च्या अर्काकडे लक्ष द्यायचं ते साधारण मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या खाली परिणाम दिसला तर, असा रूढ दंडक आहे. ८०० वरच्या घसरणीला फारसा अर्थ नाही.

पेशी नसलेल्या वेलमध्येही एमटीटी जांभळी झाली. पेशी तरंगणाऱ्या असल्याने वेलमधलं माध्यम काढता येत नव्हतं, म्हणून रंग विरघळवणारं एसडीएस वरूनच घातलं होतं. म्हणजे अर्क शेवटपर्यंत वेलमध्येच राहिला आणि पॉलिफेनॉलांनी एमटीटीचं रूपांतर स्वतःच केलं. के-५६२ चं कंट्रोलपेक्षा जास्त वाचन त्यातूनच आलं. मोजणीत तिच्या पेशी जास्त नव्हत्या.

स्टॅट-५ चा निकाल स्वच्छ होता. टीएफ-१ मध्ये फॅक्टर दिल्यावर फॉस्फेट चढलं, अर्क असो वा नसो, सारखंच. के-५६२ मध्ये ते फॅक्टरविना चढलेलंच होतं आणि इमॅटिनिबने उतरलं. टीएफ-१ वर इमॅटिनिबचा असा परिणाम नाही, कारण तिचा निरोप बीसीआर-एबीएलकडून येतच नाही.

आणखी एक फाटा

विद्यार्थिनीने शून्य फॅक्टरचा एक फ्लास्क इनक्युबेटरमध्ये तसाच ठेवला होता. आठवडाभरात सगळ्या पेशी मेल्यासारख्या दिसल्या. एकोणिसाव्या दिवशी तळाशी चकाकते गोल झुबके, रोज दुप्पट होणारे. टीएफ-१ फॅक्टरविना जगायला शिकली, असा आनंद झाला. असं होऊ शकतं, आणि रुग्णाच्या शरीरातही ल्युकेमिया हेच करतो. काहींच्या पेशी स्वतःच फॅक्टर बनवून स्वतःच खातात. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या अंदाजे चौथाई ते एक तृतीयांश रुग्णांत एफएलटी-३ या ग्राहीत असा बिघाड असतो की तो निरोप न येताही चालू राहतो.

पण मॅडमनी आधी बीसीआर-एबीएलसाठी आरटी-पीसीआर, म्हणजे त्याचा आरएनए शोधणारी चाचणी, करायला लावली. ती पॉझिटिव्ह आली. टीएफ-१ मध्ये हे जोडप्रथिन नसतं. फ्लास्कमध्ये वाढत होती ती के-५६२. दोन्ही वाण एकाच हुडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात), एकामागोमाग, माध्यमाच्या एकाच बाटलीतून हाताळले जात होते. पिपेटच्या टोकाने एक पेशी बाटलीत गेली तरी पुरे. रोज दुप्पट होणारी एक पेशी एकोणीस दिवसांत सव्वापाच लाखांवर जाते, आणि फॅक्टर नसलेल्या फ्लास्कमध्ये तिला स्पर्धकही नसतो. नव्याने वितळवलेल्या टीएफ-१ ची तीच चाचणी निगेटिव्ह आली, म्हणून फॅक्टरचे निकाल टिकले. चालू असलेले टीएफ-१ चे सगळे जुने फ्लास्क टाकून दिले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या प्लेटवर साध्या माध्यमाची एक ओळ जास्त लावली असती तर तीन आठवडे वाचले असते. खर्च शून्य. दुसरी खूण त्याहून आधीची. फॅक्टरच्या जुन्या साठ्यावर कंट्रोलच्या पेशी पूर्वीपेक्षा हळू वाढत होत्या, आणि वहीत दोन ठिकाणी ‘सीरम बदललं म्हणून?’ असं लिहिलेलं सापडलं. प्रश्नचिन्ह काढलं, उत्तर शोधलं नाही. महिन्यातून एकदा फॅक्टरची चढण लावून अर्धा जोर कुठे येतो हे पाहिलं असतं तर साठा बिघडल्याचं तेव्हाच कळलं असतं.

एक निर्णय आजही वादाचा आहे. मॅडमनी अर्काचा भाग प्रकल्पातून पूर्ण काढला नाही. शीर्षक बदलून ‘वृद्धी घटकावर अवलंबून असलेल्या पेशींवरील चाचण्यांतील चुका’ असं केलं आणि आधीचा चुकीचा आलेख नव्या आलेखाशेजारी छापला. विभागातल्या एका सरांच्या मते चुकीचा आलेख छापूच नये, कोणीतरी तेवढाच उचलून नेईल. धोका खरा आहे. पण दोन्ही आलेख शेजारी नसते तर परीक्षकांच्या त्या एका प्रश्नाचं वजन कळलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

वाणांचं एसटीआर प्रोफाइल, म्हणजे वाण ओळखणारा डीएनएचा ठसा, तेव्हा केलं नव्हतं. बीसीआर-एबीएलची चाचणी के-५६२ पकडते, पण तिसरा एखादा वाण मिसळला असता तर तिला तो दिसला नसता. आता के-५६२ दुपारी चारनंतरच हुडमध्ये येते, टीएफ-१ सकाळी. दोन्हींच्या माध्यमाच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आहे, आणि टीएफ-१ च्या बाटलीवर फॅक्टर कोणत्या तारखेच्या भागातून घातला ते लिहिलेलं असतं.